आमची आजी

आज आजीचं तेरावं झालं. ९२ वर्षं जगली. पाटण खोऱ्यातल्या घरी सगळा गोतावळा जमला होता आणि जो तो तिच्याबद्दलच बोलत होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाळण्यातल्या आत्याला उचलून ती अंगणात धावली. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडली. तिथं मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून पोरांसाठी आणायची. हे तिनं आम्हाला कधी सांगितलंच नाही, आज धाकट्या आजीकडून कळलं. मला तर तिचे हातच दिसतात. बांगड्या कोपराकडे सारून भाकरी थापायची, पहिली भाकरी गाईची. सुना-नातसुनांना कधी टाकून बोलली नाही. फार मोठ्या मनाची बाई! आजी, खूप आठवण येतेय गं.