केंब्रिजमधले बम्प

इंग्लंडात राहायला आलात की ‘बम्प’ या शब्दाशी रोजची गाठ पडते. आपल्याकडे तो रस्त्यावरच्या उंचवट्यापुरता, आणि त्यालाही आपण स्पीडब्रेकरच म्हणतो.

शाळेत पोरगं धडपडलं, कपाळाला टेंगूळ आलं की घरी ‘बम्प नोट’ येते. किती वाजता लागलं, कशावर आपटलं, शेक काय दिला, सगळं लिहिलेलं. वर रात्री उलटी किंवा गुंगी वाटते का ते बघा अशी ताकीद. कित्येक शाळा पोराच्या शर्टावर स्टिकरही डकवतात. आपल्या आज्या ‘मुंगी मेली बघ’ म्हणून हेच प्रकरण अर्ध्या मिनिटात मिटवायच्या.

गरोदर बाईचं पोट म्हणजेही बम्पच. साधारण चोविसाव्या आठवड्यापासून मिडवाइफ टेप लावून ते सेंटिमीटरमध्ये मोजते आणि ‘बम्प कसा आहे?’ विचारते, जणू ते बाळाचं पाळण्यातलं नावच. थंडीत जाड कोटाखाली पोट दिसत नाही आणि इंग्रज माणूस ‘तुम्ही गरोदर आहात का’ असं जन्मात विचारणार नाही. म्हणून लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, २००५पासून ‘बेबी ऑन बोर्ड’चा बिल्ला फुकट मिळतो. तो लावला की बहुतेक वेळा जागा मिळते. समोरचा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला असेल तर मात्र बिल्लाही काही करू शकत नाही.

पण केंब्रिजकरांना बम्प म्हटलं की आठवतात त्या होड्या. कॅम नदी इतकी अरुंद की कॉलेजांच्या होड्या शेजारी शेजारी पळवणं शक्यच नाही. मग त्या एकामागे एक लावतात, मध्ये साधारण दीड होडीचं अंतर. तोफ झाली की पुढचीला गाठून धक्का द्यायचा आणि मागचीच्या तावडीत सापडायचं नाही. काठावरून सायकलवाले प्रशिक्षक शिट्ट्या फुंकत पळतात. अंतर कमी झालं की शिट्ट्या वाढतात. डिटन कॉर्नरच्या वळणावर उभं राहिलं की सुकाणू धरणाऱ्याचा घसा फाटलेला आवाज स्पष्ट ऐकू येतो. धक्का अगदी बसायलाच हवा असंही नाही; आता सुटका नाही असं दिसलं की पुढचा सुकाणूवाला मुकाट हात वर करतो. दोन्ही होड्या बाजूला होतात, जिंकलेले काठावरची हिरवी डहाळी तोडून डोक्यात खोवतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघींच्या जागांची अदलाबदल.

हे चार दिवस चालतं. नाव ‘मे बम्प्स’, होतात जूनमध्ये! रोज धक्का दिलात तर ‘ब्लेड्स’चा मान, म्हणजे नावं रंगवलेलं वल्हं, रोज खाल्लात तर ‘स्पून्स’, म्हणजे नामुष्कीचे चमचे. आणि शेवटच्या दिवशीचा क्रम पुसला जात नाही, पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात. गेल्या वर्षीच्या पोरांनी खाल्लेले धक्के यंदाची पोरं फेडत बसतात.