ऑक्टोपस कापूस वेचतो

मंगळवार

दुसरीच्या वर्गात आज ऑक्टोपसचं पान उघडलं. पुस्तक समुद्राचं, मोठमोठ्या चित्रांचं. चित्रांखालच्या ओळींवर मी आधीच कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. ओळ दिसली की पोरं तीच उतरवून काढतात.

वर्गात समुद्र कुणीच पाहिलेला नाही. आमच्या चोपड्याकडे पाणी म्हणजे तापी, नाहीतर विहीर. ‘समुद्राविषयी पाच ओळी लिहा’ म्हटलं तर ‘समुद्र निळा असतो’च्या पुढे गाडी जात नाही. म्हणून विचारलं, हा आपल्या गावात आला तर काय करेल? त्याला आठ हात, तीन हृदयं, आणि हातांवरच्या चकत्यांनी चवही कळते, एवढं सांगून टाकलं.

“त्याले तीन काळीज शेतस?” मागून आवाज.

सध्या कापसाची वेचणी चालू आहे. एकीनं लिहिलं, ‘ऑक्टोपस मायसोबत कापूस वेचतो. आठ हातांनी वेचतो. माय लवकर घरी येते. त्याला बोंडाची चव लागते. थू करतो.’

ते ‘थू करतो’ मी पुन्हा पुन्हा वाचलं. चकत्यांची गोष्ट तिनं नेमकी शेतात नेऊन लावली, तीही न सांगता!

एकाला ऑक्टोपस नकोच होता, त्याला मासा हवा. मासा तापीतून गावात येणार म्हणे. नकाशा काढला. मुलताईहून निघून भुसावळ, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर वाहणारी तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. उलटं पोहत यायचं तर वाटेत उकाई धरण. “मग कसं करायचं?” पोरगं बराच वेळ पेन्सिल चावत बसलं आणि लिहिलं, ‘मासा धरणाशी थांबला. एसटीत बसला. अर्धं तिकीट काढलं.’

शेजारच्या वर्गाच्या सरांनी वह्या चाळून ऱ्हस्व-दीर्घ दाखवलेच. त्यांचं बरोबर आहे, पण ते नंतर. वहीवर लाल गोल पडले की पोरं दुसऱ्या दिवसापासून फक्त बिनचूक येतात तेवढेच शब्द लिहितात. मग कुठला ऑक्टोपस आणि कुठली एसटी.

उद्या समुद्रघोडा. नराच्या पोटावरच्या पिशवीत पिल्लं वाढतात म्हटल्यावर ‘मग माय काय करते?’ हा प्रश्न येणारच. उत्तर मी देणार नाही, वहीत लिहायला लावणार.