बायकांच्या कामाचा आलेख, नोंद ६: दोन २३.३ आणि तुटलेली रेघ

मागच्या नोंदीत सरकारी पाहण्यांतून जोडत आणलेली बायकांच्या कामाची रेघ जवळजवळ जुळली असं लिहिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय. महिलांच्या श्रमबल सहभागाचा (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या, शंभरामागे किती) २००९-१० चा ठिपका २३.३ वर, २०११-१२ चा ३१.२ वर आणि २०१७-१८ चा पुन्हा २३.३ वर. मध्ये झकास डोंगर उभा राहिला. नोंद ५ खालच्या चर्चेत त्या डोंगराला मनरेगापासून दुष्काळापर्यंत सहा स्पष्टीकरणं आली, सगळी पटण्यासारखी. डोंगरच खोटा आहे.

२००९-१० चं २३.३ सर्व वयांच्या महिलांचं आहे, तान्ह्या मुलीही छेदात धरून. २०१७-१८ चं २३.३ फक्त १५ वर्षांवरच्या महिलांचं. दोन्ही अहवालांत दोन्ही प्रकारचे तक्ते असतात, मथळेही सारखेच दिसतात, आणि दोन आकडे दशांशापर्यंत जुळल्यामुळे शंकाच येत नाही. मालिका दोन आहेत, त्या वेगळ्याच ठेवायच्या. १५ वर्षांवरच्या: २००४-०५ मध्ये ४२.७, २०११-१२ मध्ये ३१.२, २०१७-१८ मध्ये २३.३, २०२३-२४ मध्ये ४१.७. सर्व वयांच्या: २००४-०५ मध्ये २९.४, २००९-१० मध्ये २३.३, २०११-१२ मध्ये २२.५, २०१७-१८ मध्ये १७.५, २०२३-२४ मध्ये ३१.७. मिश्रण टाळलं की डोंगर जातो आणि दरी उरते. दरी खरी आहे.

या घोळातून एक भारी गोष्ट हाती लागली. दोन्ही मालिकांची फक्त टोकं घ्या. १५ वर्षांवरच्या महिलांचा दर ४२.७ वरून ४१.७ वर, म्हणजे एक अंक खाली. सर्व वयांचा २९.४ वरून ३१.७ वर, म्हणजे सव्वादोन अंक वर. मोजण्याची पद्धत तीच (‘नेहमीची स्थिती’, म्हणजे वर्षभरातलं मुख्य अधिक दुय्यम काम), वर्षं तीच, दिशा उलट. जन्मदर घसरला, लोकसंख्येत लहान मुलींचा वाटा कमी झाला, छेद आटला आणि एकाही बाईने काम न धरता दर वर चढला. ‘वीस वर्षांत घसरण’ आणि ‘वीस वर्षांत वाढ’ असे दोन आलेख कोणी समोरासमोर ठेवले, तर कोणीही खोटं बोलत नसेल. आपल्यासाठी नियम एकच: सर्व वयांची मालिका फक्त राष्ट्रीय नमुना पाहणीच्या जुन्या फेऱ्यांशी तुलना करायची वेळ आली तरच काढायची, आणि तेव्हाही अक्षाच्या नावात ‘सर्व वये’ ठळक लिहायचं. तळटीप कोणी वाचत नाही.

आडव्या अक्षाचं थोडक्यात, कारण नोंद ३ मध्ये झालंय. स्प्रेडशीटमधला नेहमीचा रेषा-आलेख वर्षांना नुसती लेबलं समजतो आणि सगळी सारख्या अंतरावर ठेवतो. ७ वर्षांची घसरण आणि १ वर्षाची चढण एकाच रुंदीत बसतात, उताराला काही अर्थ राहत नाही. एक्सवाय (स्कॅटर) प्रकार घ्या. पीएलएफएसचं (सरकारची नियतकालिक श्रमबल पाहणी) वर्ष २०२३-२४ पर्यंत जुलै ते जून, म्हणून २०१७-१८ चा ठिपका २०१८.० वर. मार्च अखेरच्या आर्थिक वर्षाशी ते एक तिमाही सरकतं. जीडीपीची रेघ वर चढवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

शेवटचा सांधा २०२५ चा. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसचा साचाच बदलला. पहिल्या टप्प्यातले नमुना-घटक (निवडलेली गावं आणि शहरी गट) १२,८०० वरून २२,६९२ झाले, प्रत्येकी ८ ऐवजी १२ घरं, म्हणजे १,०२,४०० वरून २,७२,३०४ घरं. निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने जायचं, ग्रामीण भागातही. वर्ष आता जानेवारी ते डिसेंबर. मासिक पत्रक येतं ते चालू साप्ताहिक स्थितीचं: मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी किमान १ तास काम. नेहमीच्या स्थितीत मुख्य काम वर्षातल्या जास्त काळावरून ठरतं आणि ३० दिवसांचं दुय्यम कामही धरलं जातं. साहजिकच आठवड्याचा आकडा खालीच राहतो. एप्रिल २०२५ चा महिलांचा दर ३४.२, मे ३३.२, जून ३२.०. आता ४१.७ नंतर ३४.२ जोडून ‘साडेसात अंकांची पडझड’ दाखवणारी चित्रं फिरताहेत. ती पडझड व्याख्येची आहे. एप्रिल ते जूनच्या उताराचाही अर्थ इतक्यात काढू नका. त्यात शेतीचा हंगाम मिसळलाय, आणि हंगामी दुरुस्ती करायची तर निदान ३ वर्षांचे महिने हातात हवेत. आपल्या आलेखात रेघ २०२३-२४ ला थांबते. मासिक मालिका शेजारी वेगळ्या चौकटीत जाईल, वेगळ्या रंगात, मध्ये कोरी जागा सोडून.

आता ज्याने सगळा वेळ खाल्ला ते. २३.३ वरून ४१.७, सहा वर्षांत १८.४ अंक. यावर तीन गट कायम भांडतात. एक म्हणतो रोजगार वाढला. दुसरा म्हणतो मजबुरी वाढली, पगारी नोकऱ्या तर घटल्यात. तिसरा म्हणतो बायका आधीही राबतच होत्या, आता फक्त मोजल्या जाताहेत. तिन्ही गट एकच रेघ दाखवतात आणि रेघ कोणालाच उत्तर देत नाही, कारण तिच्यात कामाचा प्रकार नाही.

दुसऱ्या गटाचा लाडका आलेख म्हणजे काम करणाऱ्या महिलांच्या वाट्यांचे शंभर टक्क्यांचे खांब. २०१७-१८: स्वयंरोजगार ५१.९, नियमित पगारी २१.०, रोजंदारी मजुरी २७.०. २०२३-२४: ६७.४, १५.९, १६.७. नियमित पगारी पाच अंकांनी आक्रसलं, म्हणजे नोकऱ्या गेल्या, असं वाचलं जातं. पण हे वाटे कामकरी महिलांचे आहेत, आणि कामकरी महिलांचं प्रमाणच २२.० वरून ४०.३ झालंय. भाकरी मोठी झाली की तुकड्याचा कोन लहान होऊनही तुकडा वाढू शकतो.

कृती अशी. प्रत्येक वाटा त्या वर्षाच्या कामकरी प्रमाणाने (२२.० किंवा ४०.३ टक्के) गुणा. उत्तर येतं ‘१५ वर्षांवरच्या दर १०० महिलांमागे किती’. स्वयंरोजगाराचे दोन भाग नक्की करा: घरच्या व्यवसायातली बिनपगारी मदतनीस (२०१७-१८ मध्ये ३१.७, २०२३-२४ मध्ये ३६.७) आणि वजाबाकी करून उरणाऱ्या स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या (२०.२ आणि ३०.७). मग:

बिनपगारी मदतनीस ७.० वरून १४.८, वाढ ७.८.
स्वतःचा व्यवसाय ४.४ वरून १२.४, वाढ ७.९ (दशांश न तोडता वजाबाकी केली तर).
नियमित पगारी ४.६ वरून ६.४, वाढ १.८.
रोजंदारी मजुरी ५.९ वरून ६.७, वाढ ०.८.

बेरीज १८.३, आणि ४०.३ वजा २२.० सुद्धा १८.३. हा ताळा पहिल्याच फटक्यात बसला. एवढ्यासाठी हा छंद करायचा. (वाटे सर्व वयांच्या कामकऱ्यांचे आणि प्रमाण १५ वर्षांवरच्यांचं, ही थोडी भेसळ आहे. १५ खालच्या कामकऱ्यांची नोंद इतकी कमी आहे की पहिल्या दशांशाला धक्का लागत नाही.)

यातून दिसतं ते कोणत्याच गटाला पूर्ण सोयीचं नाही. नियमित पगाराच्या बायका शंभरामागे वाढल्याच, घटल्या नाहीत. पण वाढीतला जवळपास ८६ टक्के भाग स्वयंरोजगाराचा, आणि त्यातला निम्मा असा की ज्यात स्वतःच्या हातात पैसा येत नाही. ‘रोजगार दुप्पट’ म्हणणाऱ्यांनी खांबातला तो थर बघावा, ‘नोकऱ्या गेल्या’ म्हणणाऱ्यांनी छेद बघावा.

तिसऱ्या गटाचं उत्तर मात्र या तक्त्यांत नाही. ते पाहणीत प्रत्येकाच्या कामाला दिल्या जाणाऱ्या कोडांपैकी २१, ९२ आणि ९३ यांच्या सीमेवर आहे. २१ म्हणजे घरच्या व्यवसायात मदतनीस, ती श्रमबलात. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय सरपण, चारा, रानभाजी आणणं किंवा घरच्यापुरतं शिवणकाम. या दोघी श्रमबलाबाहेर. दोन म्हशींचं शेण, चारा, धार सगळं करणाऱ्या बाईचं दूध डेअरीला जात असेल तर तिचं काम २१ मध्ये बसतं. पण घरातल्या पुरुषाने ‘ती घरीच असते’ म्हणून टाकलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच गेला नाही, तर ९२ पडतो. काम तेच, कोड वेगळा, आणि देशाचा दर हलतो. ऊसतोडीतही तीच गत. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल बहुतेक त्याच्या नावावर. दोघांनाही मजुरीचा कोड ५१ हवा, पण ‘कोण काम करतं?’ या एका प्रश्नाला एकच नाव येऊ शकतं.

म्हणून मूळ बेत बदलतोय. आधी ‘श्रमबलात’ गडद आणि ‘बाहेर’ करडं असे दोनच रंग ठरले होते. आता २१, ९३, ९२ हे तिन्ही थर खांबात एकमेकांना लागून आणि एकाच रंगाच्या तीन छटांत येतील. २१ जेवढा फुगला तेवढाच ९३ आटला असेल, तर मोजणीच्या बाजूला वजन पडेल. ९३ तसाच राहून ९२ आटला असेल, तर वाद खुला. श्रमबलाची सीमा दाखवायला २१ आणि ९३ च्या मध्ये फक्त एक बारीक काळी रेघ. ती रेघ माणसांनी आखली आहे, हे रंगांवरूनच कळावं.

हे थर छापील तक्त्यांतून नाही, युनिट पातळीच्या विदेतून (एकेका घराच्या, माणसाच्या मूळ नोंदींतून) काढायचे. नव्यांसाठी तीन खड्डे. वार्षिक आकड्यांना फक्त पहिल्या भेटीची फाइल घ्या. पुनर्भेटीची जोडलीत तर शहरी घरं पुन्हा पुन्हा मोजली जातात. मल्टिप्लायर (एक नोंद किती जणांच्या वतीने धरायची तो भारांक) जसाच्या तसा वापरू नका: फाइलमधले एनएसएस आणि एनएससी नावाचे दोन रकाने सारखे असतील तर १०० ने, नसतील तर २०० ने भागा, आणि वार्षिक अंदाजाला तिमाहींच्या संख्येनेही. तिसरा खड्डा सगळ्यात फसवा. १०० चा भाग विसरलात तर एकूण संख्या शंभरपट येते आणि चूक लगेच दिसते, पण १०० आणि २०० चा फरक विसरलात तर दर जवळपास बरोबर येतो आणि चूक लपते. आधी २३.३ आणि ४१.७ हुबेहूब काढून दाखवा, मगच पुढे जा.

याच दरम्यान ठिपक्यांची कल्पना सुचली. १० गुणिले १० ची जाळी, एक ठिपका म्हणजे शंभरातली एक बाई. वाट्यांचे खांब न कळणाऱ्यालाही हे कळतं. २०१७-१८ सुरेख बसलं: मदतनीस ७, स्वतःचा व्यवसाय ४, नियमित ५, मजुरी ६, कामाच्या शोधात १, बाहेर ७७. बरोबर शंभर. २०२३-२४ ला मात्र पूर्णांक केले की १५, १२, ६, ७, १, ५८, बेरीज ९९. एक बाई हरवली.

सर्वांत मोठ्या अपूर्णांकाला उरलेला ठिपका द्यायचा, हा रिवाज. तिथे नियमित पगारी ६.४१ आणि कामाच्या शोधात १.४० अशी लढत लागते. मूळ आकडे एकाच दशांशाचे, म्हणजे हा फरक निव्वळ गोंगाट. आणि तो ठिपका नियमित पगारीला दिला की ‘५ वरून ७’ दिसतं, नाही दिला की ‘५ वरून ६’. भांडणाऱ्यांना तेवढं पुरतं. दोनशे ठिपके करून पाहिले तर चुरस ‘बाहेर’ (११६.६०) आणि मदतनीस (२९.५८) यांच्यात लागली, म्हणजे नेमकी त्या वादग्रस्त सीमेवर! सध्याचा तोडगा असा: शंभरच ठिपके, शंभरावा पोकळ, रंग न भरलेला, आणि प्रत्येक गटाशेजारी दशांशातला आकडा. याहून बरं कोणाला सुचलं तर हवंच आहे.

हत्यारांबद्दल दोन शब्द. पीडीएफमधले तक्ते उचलायला टॅब्युला हे सॉफ्टवेअर अजूनही पुरतं, फक्त जोडलेले रकाने हाताने तोडावे लागतात. आता सांख्यिकी मंत्रालयाच्या ई-सांख्यिकी पोर्टलवर बरंच काही थेट मिळतं, आधी तिथे बघा. देवनागरी लेबलांसाठी आर या संगणकभाषेत जीजीप्लॉट वापरत असाल तर चित्र रॅग (ragg) या पॅकेजमधून काढा, ‘श्रमशक्ती’ची जोडाक्षरं शाबूत राहतात. टंक ‘मुक्त’ (Mukta) नावाचा, जाडी ५००, ९ पॉइंटच्या खाली नाही. एकाच रंगाच्या तीन छटा पडद्यावर छान दिसतात आणि झेरॉक्सवर एक होतात, म्हणून ९३ च्या थराला तिरप्या रेघा.

पुढचा क्रम: २०१७-१८ ची फाइल, २३.३ चा ताळा, मग २१-९३-९२ चे थर आधी फक्त ग्रामीण भागासाठी. १५ वर्षांवरच्या महिलांत ग्रामीण दर २४.६ वरून ४७.६ झालाय, शहरी २०.४ वरून फक्त २८.०, त्यामुळे सीमेची गंमत तिथेच आहे. शहरी खांब नंतर. आणि नोंद ५ मधला डोंगराचा आलेख कोणी जपून ठेवला असेल, तर त्यावर लाल फुली मारून घ्या.