चैयाची दोन पोरं आणि बँकॉकचं रिंगण

बँकॉकमध्ये मुए थाई, म्हणजे हातापायांनी लढायचं थाई मुष्टियुद्ध, बघायला गेलात तर एखादी फेरी तरी रिंगकडे पाठ करून बसा. मागच्या स्वस्त बाकांवर जे चालतं ते पुढच्या महागड्या खुर्च्यांतल्या पर्यटकांना दिसतच नाही. पहिल्या दोन फेऱ्या तिथे फारशी हालचाल नसते, लढणारेही एकमेकांना चाचपत असतात. तिसरी फेरी सुरू झाली की मात्र पन्नाशीतले गडी ताडकन उठतात, हात वर करून बोटं नाचवतात आणि चार रांगा सोडून बसलेला दुसरा कुणी नुसती मान हलवतो. सौदा झाला. कागद नाही, चिठ्ठी नाही.

"लेका, ही तर उघड्यावर मांडलेली मटक्याची पेढी," पैलवान म्हणाला.

पैलवान म्हणजे माझा शाळूसोबती. पोरवयात तालमीत जायचा, आता टायरचं दुकान चालवतो, पण कोल्हापुरात हे नाव एकदा चिकटलं की जन्मभर सुटत नाही. मला थायलंडची देवळं बघायची होती, त्याला लढती. आधी लढती झाल्या.

राजदम्नर्न स्टेडियम १९४५च्या डिसेंबरात सुरू झालं. बांधकाम महायुद्धात अडकलं होतं, आणि छप्पर तर नंतर, १९५१ साली आलं. दुसरं मोठं नाव लुंपिनी, १९५६चं, लष्कराच्या ताब्यातलं. जुनं लुंपिनी शहराच्या मध्यात होतं, २०१४ साली ते दूर राम इंत्रा रस्त्यावर गेलं. थायलंडमध्ये जुगारावर १९३५च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती किरकोळ नाही. पत्त्यांचाही त्याच साली केलेला वेगळा कायदा आहे. पटायात २०१६ साली ब्रिज खेळत बसलेल्या बत्तीस परदेशी म्हाताऱ्यांना पोलिसांनी उचललं होतं. पण मुए थाईच्या परवानाधारक स्टेडियमात पैजा चालत आल्या आहेत. सगळ्या शहराची खुमखुमी मग या एका छपराखाली गोळा होणार, यात नवल ते काय!

लढतीआधी दोघेही गुरुवंदनेचा संथ नाच करतात. डोक्यावर मोंगखोन नावाचं कडं, दंडाला फडकी. बाजूला जावा सनई, दोन ढोल आणि झांज. लढत तापते तशी लयही चढते. आमच्या खासबाग मैदानात हलगी जे काम करते तेच इथे सनई करते. पैलवानाच्या मांड्या बसल्या जागी थरथरायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ख्लोंग तोए गाठलं. बंदराला लागून असलेली ही बँकॉकची सगळ्यात मोठी झोपडवस्ती. मूळचे लोक बंदरात हमालीसाठी आलेले, जमीन बंदराचीच, त्यामुळे उठवले जाण्याची टांगती तलवार कायम. इथेच वाढलेल्या प्रतीप उंगसोंगथाम या तरुण शिक्षिकेने घरातच शाळा भरवली आणि १९७८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वस्तीची दुसरी ओळख म्हणजे याबा, मेथ (मेथॅम्फेटामीन) या नशेच्या लालसर गोळ्या. २००३ साली सरकारने अमली पदार्थांविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा देशभरात तीन महिन्यांत अडीच हजारांवर माणसं मारली गेली. त्यातली कितीतरी या धंद्यातली नव्हतीच, हे पुढे चौकशीत निघालं.

एका उड्डाणपुलाच्या सावलीत पत्र्याची शेड, मळकट गाद्या, छताला टांगलेल्या जाडजूड बॅगा, तेलाचा उग्र वास. जिममध्ये शिकवणारा गडी चाळिशी ओलांडलेला, परदेशी पोरांना शिकवून शिकवून मोडकं इंग्रजी जमवलेला. शेडच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेला एक मोटारसायकल-टॅक्सीवाला पाय पसरून बसला होता. दोघं एकाच गावचे, दक्षिणेतल्या सुरात थानी प्रांतातल्या चैयाचे. तेराचौदा वर्षांचे असताना एकाच रेल्वेने एकत्र बँकॉकला आले.

मुए थाईच्या जुन्या घराण्यांत चैयाचं नाव मोठं आहे. थाई लोकांत एक म्हण आहे: ठोसा खोरातचा, डोकं लोपबुरीचं, ठाण चैयाचं. मास्तरांनी ते ठाण करून दाखवलं. गुडघे वाकवून बसकं, हनुवटी आत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली आणि हात सतत फिरते. समोरच्याची लाथ आली की तिच्या वाटेत कोपर किंवा गुडघा ठेवायचा, नडगी त्याचीच फुटते. अडवणं, झटकणं, झाकणं, उघडणं ही चार पायरीवार सूत्रं आधी घोटवून घेतात. पुढे धरपकड आणि सांधे मोडण्याचे डाव. हे सगळं हातमोजे नव्हते तेव्हाचं. मुठींना सुती दोर गुंडाळून लढायचे तो काळ. १९२०च्या दशकाच्या अखेरीस एका लढतीत माणूस मेला आणि मग मोजे आले.

"मग स्टेडियमात हे का दिसत नाही?" पैलवानाने विचारलं.

मास्तर हसले. "मार न खाण्याला गुण नाहीत. लाथ बरगडीवर बसलेली दिसली पाहिजे. वरच्या बाकांवरच्यांना दिसली पाहिजे."

मला वाटतं, या खेळाबद्दल ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत हे वाक्य वजनदार होतं. जी पद्धत माणसाला म्हातारपणापर्यंत धड ठेवते तिला बाजारात भाव नाही. पैजेच्या पैशाला फटका लांबून दिसायला हवा, भाव वरखाली व्हायला हवा.

दोघं आले ते वस्तादाच्या ओळखीवर. जिममध्येच झोपायचं, पहाटे धावायचं, आडनावाच्या जागी जिमचं नाव लावायचं. ही इथली सरसकट रीत आहे. मानधनाचा निम्मा वाटा जिमचा, हीसुद्धा. टॅक्सीवाला दोघांत जास्त गुणी होता, असं मास्तर स्वतः म्हणाले आणि तो मान खाली घालून बुटाची नाडी ओढत बसला. गावी बापाची होडी बुडाली, कर्ज झालं. वरच्या बाकांवरच्या एका माणसाने आपणहून पैसे दिले, परत मागितले नाहीत. वर्षभराने मागितली ती एक लढत. चौथ्या फेरीत पडायचं, एवढंच.

तो पडला. १९९९च्या मुष्टियुद्ध कायद्यात हा सरळ गुन्हा आहे, पण पकडला तो याबावरून. एकदा पडलेल्याला लोक विचारत नाहीत, पुन्हा पड म्हणून सांगतात. मग वसुली, मग गोळ्यांची पोचवापोचव. आठ वर्षं आत काढली. मास्तर दर महिन्याला भेटायला जायचे. का, असं मी विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही, की कळूनही त्यांनी तो सोडून दिला, देव जाणे.

खेळ पोरांना गुन्हेगारीपासून वाचवतो, हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकू येतं. अर्धं खरं आहे. शेडमध्ये संध्याकाळी आलेली दहा-बारा वर्षांची पोरं त्या वेळी गल्लीत नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण गल्लीतला पैसा रिंगमध्ये येत नाही असं कुणी समजू नये. क्लाएव थानिकुल हा एके काळचा मोठा लढत-आयोजक होता आणि बँकॉकच्या टोळीविश्वातला दादाही. १९९१ साली त्याला रस्त्यात गोळ्या घातल्या. आणि २०१८च्या नोव्हेंबरात बँकॉकला लागून असलेल्या समुत प्राकानमध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा रिंगमध्ये डोक्याला मार लागून गेला. आठव्या वर्षापासून लढत होता, तोवर त्याच्या १७०च्या आसपास लढती झालेल्या. लहान मुलांच्या लढतींवर बंदीचा विषय तेव्हा निघाला, ग्रामीण भागातून विरोधही झाला, कारण कित्येक घरांची चूल त्याच मानधनावर पेटते. माझ्यापुरतं सांगतो: बंदी यायला हवी. मास्तरांचं मत वेगळं आहे. त्यांच्याशी वाद घालण्याइतकं माझं पोट रिकामं कधी राहिलेलं नाही.

चैयाला जाऊन याच, असं दोघांनी बजावलं, म्हणून रात्रीची दक्षिणेकडची रेल्वे पकडली. पहाटे उतरलो तर स्टेशनाबाहेर खारवलेल्या बदकाच्या अंड्यांचे ढीग. हीच या गावाची देशभरातली ख्याती. श्रीविजय या जुन्या साम्राज्याच्या काळातला स्तूप पाहिला, भिक्षू बुद्धदासांचा सुआन मोक हा वनातला मठ पाहिला. तिथली झाडी आणि शांतता यांवर वेगळं लिहीन. मुए चैयाच्या खुणा मात्र शोधाव्या लागतात. म्हणतात की पो थान मा नावाचे भिक्षू, मूळचे बँकॉककडचे मुष्टिगुरू, इथल्या मठात आले आणि त्यांनी ही विद्या रुजवली. पाचव्या राम राजाच्या काळात इथल्या एका लढवय्याला दरबारी किताबही मिळाला. पुढे केत श्रीयाफाय यांनी ती बँकॉकमध्ये शिकवली, १९७८ साली ते वारले, आणि त्यांच्या शिष्यांनी राजधानीतच ती टिकवली. चैयाची विद्या आज शिकायची तर बँकॉकला जावं लागतं.

अंड्यांच्या दुकानातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा हेच करत होता. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर बँकॉकच्या मास्तरांचे व्हिडिओ बघून बसकं ठाण धरायचा. पैलवानाने त्याचा मागचा पाय धरून अर्धी वीत बाहेर सरकवला, कुस्तीतल्या हिशेबाने. पोरगा तोल सावरून हसला आणि पाय परत होता तिथे नेला. त्याला पुढच्या वर्षी बँकॉकला जायचं होतं. मी ख्लोंग तोएच्या शेडचा पत्ता दिला. पैलवानाने माझ्या हातातून मोबाईल घेतला, मराठीत एक वाक्य टाइप करवून त्याचं थाई केलं आणि पोराच्या समोर धरलं: पहिली दोन वर्षं कुणी आपणहून पैसे दिले तर घेऊ नकोस, आधी नारिंगी जाकीटवाल्याला विचार.