मेडनहेड ते हाय विकम, गायब झालेल्या रेल्वेच्या मागे: माझा अनुभव

इंग्लंडमध्ये लंडनच्या पश्चिमेला असलेली ही दोन गावं. मेडनहेड ते हाय विकम कारने जेमतेम अर्धा तास, पण ट्रेननेच जायचं म्हटलं तर आधी लंडनला पॅडिंग्टन, तिथून ट्यूबने (लंडनच्या मेट्रोने) मेरिलबोन आणि मग दुसऱ्या लाइनने पुन्हा बाहेर. म्हणजे वाशीहून ठाण्याला व्हाया सीएसएमटी जाण्यासारखंच झालं. 1854 पासून 1970 पर्यंत इथे थेट गाडी होती हे कळल्यावर मात्र डोक्यात भुंगा शिरला, की मग ती लाइन गेली कुठे?

सुरुवात घरबसल्याच केली. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवायचा आणि स्लायडर सरकवायचा, रूळ विरत जातात आणि खाली घरं, पार्किंग, झाडांच्या रांगा दिसायला लागतात. वूबर्न ग्रीन आणि लाउडवॉटर ही दोन बंद झालेली स्टेशनं मी त्यातच मार्क करून घेतली. हे काम सोपं वाटतं पण रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही!

आता मेडनहेडला जायचं आणि ब्रुनेल या रेल्वे इंजिनिअरचा पूल बघायचा नाही असं कसं चालेल, म्हणून मी आणि नवरा आधी समोरच्या काठावरच्या टॅप्लोच्या बाजूने थेम्स नदीकाठी उतरलो. ग्रेट वेस्टर्न रेल्वे 4 जून 1838 ला पॅडिंग्टनहून निघाली तेव्हा पूल तयारच नव्हता, त्यामुळे शेवटच्या स्टेशनचं नाव मेडनहेड पण स्टेशन नदीच्या अलीकडे, टॅप्लोत. पूल पुढच्या वर्षी सुरू झाला. विटांच्या दोन मोठ्या कमानी, एकेक 128 फुटांची आणि उंची फक्त 24 फूट. इतक्या चपट्या का, तर ब्रुनेलला लाइनला चढ जवळजवळ नकोच होता, आणि खालून बोटी तर जायला हव्यात. कंपनीच्या डायरेक्टर लोकांना खात्री की हे कोसळणार, म्हणून बांधकामाचा लाकडी आधार तसाच ठेवायला लावला. मग वादळ आलं, आधार वाहून गेला आणि पूल जागच्या जागी उभा. आज त्यावरून एलिझाबेथ लाइनच्या (लंडनच्या लोकलच्या) गाड्या जातात. 1890 च्या दशकात चार रेल्वेमार्गांसाठी तो रुंद केला, पण आकार तोच राखला.

टॅप्लोकडच्या कमानीखालून पायवाट जाते, तिथे थांबून एक टाळी वाजवा. ती एक टाळी टप टप टप करत कितीतरी वेळ परत येत राहते. इथले लोक त्याला साउंडिंग आर्च म्हणतात. आम्ही दोघं तिथे लहान मुलांसारखे टाळ्या पिटत होतो आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा अजिबात न बघता निघून गेले, त्यांना सवय असणार.

मग मेडनहेडहून मार्लोची गाडी. दोन डब्यांची डिझेल, सिंगल लाइन, फर्झ प्लॅट, कुकहॅम करत थेम्स ओलांडून बोर्न एंडला येते. तिथे थांबली, ड्रायव्हर उतरला, प्लॅटफॉर्मवरून चालत दुसऱ्या टोकाला गेला. नवरा म्हणाला, "अगं, ही उलटी का चाललीये?" तर त्याचं उत्तर खिडकीबाहेरच होतं, समोर रूळ संपलेले. हाय विकमची लाइन इथूनच सरळ पुढे जायची, ती 1970 च्या मे महिन्यात बंद झाली, आणि मार्लोचा फाटा (हा 1873 चा) तेवढा उरला, म्हणून प्रत्येक गाडीला इथे तोंड फिरवावं लागतं. मला तर पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात बोलका पुरावा हाच वाटला.

मार्लोहून परत येऊन बोर्न एंडला उतरलो. इथल्या रेल्वे पुलाला 1992 मध्ये बाजूने पादचारी पूल जोडलाय, त्यावर उभं राहिलं की गाडी अगदी कानाजवळून जाते, ते चुकवू नका.

पुढचे पाच-सहा मैल पायी. ही लाइन वाय नदीच्या खोऱ्यातून जायची, कागदाच्या गिरण्या याच नदीवर होत्या. आधी ब्रॉडगेज होती, आपली साडेपाच फुटी नाही हं, ब्रुनेलची सात फुटांहून जास्त, 1870 मध्ये बदलली. सलग चालता येत नाही, मधे घरं झालीत, त्यामुळे रस्त्याने जायचं आणि फोनवर नकाशा उघडा ठेवून मधूनमधून डोकवायचं. सपाट जमिनीत उगाच एखादा लांबलचक उंचवटा, किंवा घरांच्या मागे एकसारख्या वळणात गेलेली झाडं दिसली की तीच लाइन समजा. लाउडवॉटरपर्यंत तर आम्ही पैज लावायला लागलो होतो.

हाय विकमहून परत यायला बस घेतली, पॅडिंग्टनमार्गे कोण जाणार. दोघं असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, तिकीट एक तृतीयांश स्वस्त पडतं, फक्त सोम ते शुक्र सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. आणि शक्यतो थंडीत जा, पानं गळलेली असतात त्यामुळे जुने बांध लांबूनच दिसतात. बूट मात्र चिखलात चालतील असे घाला.