शाळेच्या उपक्रमासाठी टॅब्लेट घेताना

पुढच्या इयत्तेपासून प्रत्येक मुलाकडे स्वतःचा टॅब्लेट असावा, असे शाळेचे परिपत्रक आले की घरात चर्चा सुरू होते ती ‘कोणता घ्यायचा?’ या प्रश्नाने. माझ्या मुलीच्या शाळेचे परिपत्रक आले तेव्हा आमच्याकडेही तसेच झाले. परंतु शाळेने पाठवलेली यादी, तिच्यासोबतचे संमतिपत्र आणि बाजारात मिळणारी उपकरणे यांचा नीट अभ्यास केल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. हा टॅब्लेट किती वर्षे वापरात राहणार आहे, ही पहिली. आणि त्या काळात त्यावर ताबा कोणाचा असणार आहे, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे मिळाली की मॉडेल निवडणे फारसे अवघड राहत नाही.

शाळेची यादी पहिल्या वाचनात रुक्ष वाटते, पण तिच्यातील बहुतेक ओळींना कारण असते आणि ते कारण शिक्षकांना विचारून घेणे फायद्याचे ठरते. पडदा किमान दहा इंचांचा असावा अशी अट असते, कारण मुलांना एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला वही उघडून काम करायचे असते. लहान पडद्यावर अक्षरे बारीक होतात आणि मूल पडद्यावर वाकून बसू लागते. त्यामुळे आयपॅड मिनी कितीही सुटसुटीत वाटला तरी तो शाळेच्या कामाला बहुधा चालत नाही. सिमकार्ड न लागणारा, फक्त वायफायवर चालणारा टॅब्लेट आणा, असे अनेक शाळा सांगतात, त्यामागेही विचार आहे. शाळेच्या वायफायवर नको त्या संकेतस्थळांसाठी गाळणी लावलेली असते आणि सिमकार्डावरून इंटरनेट सुरू केले की ती निरुपयोगी ठरते. आपण अधिक पैसे मोजून सिमचे मॉडेल घ्यायचे आणि शाळेने सिम काढायला लावायचे, यात कोणाचेच हित नाही.

आता वर्षांचा प्रश्न. शाळेचा उपक्रम साधारणपणे तीन, चार, कधी पाच वर्षांचा असतो, आणि टॅब्लेट पहिल्या दिवशी कसा चालतो यापेक्षा शेवटच्या वर्षी कसा चालेल हे पाहून तो घ्यायला हवा. काच फुटली तर बदलता येते, बॅटरी मंदावली तर तीही बदलता येते. परंतु कंपनीने प्रणालीचे, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट देणे थांबवले की दुरुस्तीला वावच राहत नाही. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग शाळेचे एखादे ॲप नवी आवृत्ती मागू लागते, मग परीक्षेचे ॲप उघडेनासे होते. हा काळ मॉडेल बाजारात आले त्या वर्षापासून मोजायचा असतो, आपण ते विकत घेतले त्या दिवसापासून नव्हे, आणि सवलतीतल्या खरेदीत नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते. २०१९ साली आलेल्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२५ची नवी प्रणाली, म्हणजे आयपॅडओएस २६, मिळाली नाही. २०२० साली आलेल्या आठव्या पिढीच्या आयपॅडला मात्र ती मिळाली. बाहेरून पाहिले तर दोन्ही उपकरणांचा आकार आणि पडदा सारखाच आहे. स्वस्त मिळतो म्हणून कोणी सातव्या पिढीचा आयपॅड मुलाला घेऊन दिला असेल, तर त्याची वर्षे आधीच संपत आलेली होती.

अँड्रॉइड टॅब्लेटच्या बाबतीत हा हिशेब कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो, म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार आहेत ते पाहावे. शाळेने क्रोमबुकचा, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा, पर्याय दिला असेल, तर गूगलने २०२३ साली जाहीर केल्याप्रमाणे २०२१पासूनच्या क्रोमबुकना दहा वर्षे अपडेट मिळतात, पण तीही त्या उपकरणाचा मूळ मंच, म्हणजे ते ज्या हार्डवेअर रचनेवर बेतलेले आहे ती, बाजारात आली तेव्हापासून मोजली जातात. घरातला विंडोजचा जुना टॅब्लेट मुलाला देण्याचा विचार असेल, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

साठवणीच्या जागेचाही विचार याच दृष्टीने करावा. ६४ जीबी हा आकडा मोठा वाटतो, परंतु त्यातला काही भाग प्रणालीच घेते, आणि विज्ञानाच्या प्रयोगाचे चित्रीकरण मुलांकडून करून घेण्याची पद्धत शाळेत असेल तर उरलेली जागा भराभर संपते. अपडेट घालण्यासाठीसुद्धा मोकळी जागा लागते. जागा नाही म्हणून अपडेट रखडतो आणि अपडेट नाही म्हणून ॲप चालत नाही, असे दुष्टचक्र सुरू होते. २०२५ साली आलेल्या साध्या आयपॅडची साठवण १२८ जीबीपासूनच सुरू होते, तर २०२१ आणि २०२२च्या साध्या आयपॅडची ती ६४ जीबीपासून सुरू होत असे. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए९ प्लससारख्या उपकरणात मेमरी कार्ड घालता येते, ही चांगली सोय आहे, मात्र ॲप मुख्यतः आतल्या साठवणीतच बसतात, त्यामुळे कार्डाच्या भरवशावर सर्वांत कमी साठवणीचे मॉडेल घेऊ नये.

स्टायलसबद्दल, म्हणजे पडद्यावर लिहायच्या लेखणीबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण यादीत तो शेवटी ‘ऐच्छिक’ म्हणून येतो आणि प्रत्यक्षात मुलाचा रोजचा संबंध त्याच्याशीच सर्वाधिक येतो. माझी मुलगी अपूर्णांकांची बेरीज करते तेव्हा छेदांचा लसावि बाजूला लिहिते, खाली रेघ ओढते, मग वरच्या ओळीत परत जाऊन अंश दुरुस्त करते. हे सगळे करताना तिचा तळहात पडद्यावर टेकलेला असतो. तळहात आणि लेखणीचे टोक यांतला फरक ओळखणारी जोडी असेल तर तिला काहीच वेगळे करावे लागत नाही. रबरी टोकाच्या साध्या स्टायलसला तो फरक कळवता येत नाही. मग मूल मनगट हवेत धरून लिहू लागते, अक्षर बिघडते, हात दुखतो, आणि ‘मला टॅबवर लिहायला आवडत नाही’ असे म्हणते. ते ऐकून आपण मुलाची समजूत घालत बसतो आणि लेखणीकडे लक्षच जात नाही.

कोणती लेखणी कोणत्या टॅब्लेटला चालते, हे मात्र खरेदीआधी डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. दहाव्या पिढीच्या आयपॅडला, म्हणजे २०२२च्या मॉडेलला, आणि २०२५च्या साध्या आयपॅडला पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल चालते, पण ती जोडण्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो. यूएसबी-सी असलेली पेन्सिल थेट चालते. दुसऱ्या पिढीची पेन्सिल मात्र दोन्हींना चालत नाही. यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही, म्हणजे जोर दिल्याने रेघ जाड होत नाही. गणितासाठी ही उणीव नाही, चित्रकलेचा विषय घेणाऱ्या मुलासाठी आहे. लॉजिटेकचा क्रेयॉन शाळांना डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेला आहे, तळहाताची अडचण त्यालाही येत नाही आणि लहान हातात तो चांगला बसतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस६ लाइटसोबत एस पेन खोक्यातच येतो आणि तो चार्ज करावा लागत नाही. सकाळी घाईत लेखणी चार्ज करायची राहून जाणाऱ्या वयात ही बाब मला फार मोलाची वाटते.

आता ताबा. शाळेच्या उपक्रमात आलेला टॅब्लेट बहुतेकदा शाळेच्या व्यवस्थापन प्रणालीला जोडला जातो. त्यातून शाळा ॲप घालते, काही ॲप बंद ठेवते, परीक्षेच्या वेळी पडदा एकाच ॲपवर बांधून ठेवते आणि गरज पडल्यास सगळी माहिती पुसूही शकते. असे काही असू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांनी २०१३ साली मोठ्या प्रमाणावर आयपॅड वाटले, तेव्हा विद्यार्थ्यांनी अल्पावधीतच व्यवस्थापनाचे प्रोफाइल, म्हणजे शाळेची बंधने लागू करणारी नोंद, काढून टाकले आणि मोकळे इंटरनेट वापरायला सुरुवात केली. शाळांना ती उपकरणे घरी नेणे थांबवावे लागले. वर्ग चालवायचा असेल तर नियंत्रण हवे, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की, पैसे पालकांनी मोजलेले असताना त्या नियंत्रणाची हद्द कुठवर, हे त्यांना खरेदीच्या आधी आणि लेखी कळले पाहिजे.

याविषयी पालकांमध्ये दोन टोकांचे समज दिसतात. शाळेला सगळे दिसते, असे काहींना वाटते. शाळेला काहीच दिसत नाही, असे काहींना. ॲपलच्या व्यवस्थापन व्यवस्थेत शाळेला उपकरणाचा अनुक्रमांक, मॉडेल, उरलेली जागा आणि त्यावर घातलेली ॲप दिसतात. मुलाचे संदेश, मेल आणि फोटो त्या व्यवस्थेतून वाचता येत नाहीत. शाळेच्या पूर्ण देखरेखीखालचे उपकरण हरवल्याचे शाळेने नोंदवले, तर त्याचा ठावठिकाणा शोधता येतो. मात्र शाळेची इंटरनेट गाळणी ही निराळी गोष्ट आहे, आणि उघडलेल्या संकेतस्थळांची नोंद ती ठेवू शकते. ती गाळणी घरच्या वायफायवरही चालू राहते का, सुटीत काय, नोंदी किती काळ ठेवल्या जातात आणि त्या कोण पाहतो, हे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. आमच्या शाळेतील संगणकाच्या शिक्षिकांनी त्यांची उत्तरे आनंदाने दिली, आणि इतर पालकांनाही ती पाठवली.

खात्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. शाळा मुलाला स्वतःच्या व्यवस्थेतले खाते देते. ते खाते घरच्या फॅमिली शेअरिंगमध्ये, म्हणजे घरच्यांची खाती एकत्र जोडण्याच्या ॲपलच्या सोयीत, घेता येत नाही. त्यामुळे घरी घेतलेली ॲप त्यावर मिळत नाहीत आणि आपल्या फोनवरून मुलाच्या वापराची वेळ ठरवण्याची सोयही त्या खात्यावर चालत नाही. टॅब्लेटवरच पासकोड घालून स्क्रीन टाइम लावता येतो, पण देखरेखीखालच्या उपकरणावर शाळा तीही मुभा बंद ठेवू शकते. म्हणून संध्याकाळी सातनंतर टॅब्लेटवरच्या बंधनांचा निर्णय कोणाचा, हे आधीच ठरलेले असावे. मूल शाळा सोडते तेव्हा शाळेचे खाते बंद होते आणि त्यातले निबंध, चित्रे, प्रकल्प खात्यासोबतच नाहीसे होतात. ते वेळेत उतरवून घेण्याची मुदत संमतिपत्रात लिहिलेली असावी. टॅब्लेट व्यवस्थापनातून मोकळा करून देण्याची जबाबदारीही शाळेने तिथेच स्वीकारलेली असावी.

टॅब्लेट कोठून घ्यावा, हेही याच्याशी निगडित आहे. शाळेशी जोडलेल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले उपकरण पहिल्यांदा सुरू करतानाच शाळेच्या व्यवस्थेत नोंदले जाऊ शकते. इतरत्र घेतलेला आयपॅड शाळेला नंतर हाताने नोंदवावा लागतो आणि तसे केल्यास पहिल्या तीस दिवसांत वापरणाऱ्याला ती नोंदणी काढून टाकण्याची मुभा असते. वापरलेला टॅब्लेट घेणार असाल तर तो पूर्ण पुसून, वायफायला जोडून, पहिल्यापासून सुरू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आधीच्या मालकाचा पासवर्ड मागणारा पडदा आला, किंवा हे उपकरण अमुक संस्थेच्या रिमोट मॅनेजमेंटखाली आहे असे दिसले, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. ते कुलूप काढणे विकणाऱ्याच्या किंवा त्या संस्थेच्याच हाती असते.

कव्हरबाबत फार विचार करण्याची गरज नाही: कोपरे जाड असलेले, पडद्याच्या कडेपेक्षा थोडे वर आलेले आणि लेखणीसाठी खोबण असलेले घ्यावे. कीबोर्ड असलेल्या कव्हरमुळे वजन जवळपास दुप्पट होते, तेव्हा दप्तरात आधीच काय काय आहे ते पाहून ठरवावे. अपघाताने झालेली मोडतोड नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, म्हणून विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात प्रत्येक दुरुस्तीला आपला वाटा किती, हे पाहावे लागते. दहाव्या पिढीपासूनच्या साध्या आयपॅडला हेडफोनचे गोल छिद्र नाही. शाळेने वायरचे हेडफोन मागितले असतील तर यूएसबी-सीचे घ्यावेत.

यादी ठरवणाऱ्या शाळांना एक विनंती करावीशी वाटते. एकाच कंपनीचे नाव लिहिण्यापेक्षा पडदा, साठवण, प्रणालीची किमान आवृत्ती आणि लेखणीची गरज असे निकष दिले, तर पालकांना आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करता येते. ज्यांना काहीच परवडणार नाही त्यांच्यासाठी शाळेची स्वतःची काही उपकरणे असावीत आणि ती इतर मुलांच्या उपकरणांसारखीच दिसावीत. वर्गात कोणाचा टॅब्लेट शाळेचा आहे हे लांबून ओळखू येणे, ही मुलांना बोचणारी गोष्ट आहे आणि ती सहज टाळता येण्यासारखी आहे.

टॅब्लेट घरी आला की अनुक्रमांक आणि बिलाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवावा, कारण विम्याला आणि शाळेच्या नोंदवहीला दोन्ही लागतात. शाळेने स्वतः सुरू करून द्यायचे म्हटले असेल तर खोके तसेच बंद ठेवून द्यावे. पालकांनीच तयार करून पाठवायचा असेल, तर प्रणालीचे सगळे अपडेट आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून, पूर्ण चार्ज करून द्यावा. अख्खा वर्ग एकाच वेळी शाळेच्या वायफायवर अपडेट उतरवू लागला तर पहिला तास त्यातच जातो.