एकच नाकपुडी चोंदत असेल तर

आपल्याकडे सर्रास म्हणतात, "नाकात मांस वाढलंय." इथे ब्रिटनमध्ये त्यावर लगेच प्रश्न येतो: एका बाजूला की दोन्ही? दोन्हीकडचे पॉलिप, म्हणजे अस्तराचे मऊ फुगवटे, बहुधा सुजेचे असतात, स्टेरॉइडच्या फवाऱ्याने आकसतात. एकाच बाजूचा असेल, तर तुकडा तपासल्याशिवाय त्याला साधा म्हणायचं नाही. हा दंडक मला फार मोलाचा वाटतो.

कारण तो इन्व्हर्टेड पॅपिलोमा असू शकतो. ही गाठ कर्करोगाची नसते, पण हाड झिजवते, मूळ राहिलं की पुन्हा उगवते आणि शंभरातल्या 5 ते 10 जणांत कर्करोगाकडे वळते. दुर्बिणीतून साधा पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो, तर हा तुतीच्या फळासारखा खडबडीत. सीटी स्कॅनमध्ये जिथे हाड जाड झालेलं दिसतं, तिथे बहुतेक वेळा मूळ सापडतं. साचलेला शेंबूड कुठला नि गाठ कुठली, हे मात्र एमआरआयच नीट सांगतो.

आता वाट पाहणं. जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीपासून उपचार सुरू होईपर्यंत 18 आठवडे, हे एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं उद्दिष्ट; ते सर्रास हुकतं. पुण्यात सीटी संध्याकाळपर्यंत हातात असतो, याचा अभिमान आहेच. पण घाईने नुसता पॉलिप खुडून मूळ तसंच ठेवण्यापेक्षा थांबलेलं बरं.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन नाकपुडीतूनच होते, बाहेर टाका नाही. आधी गाठीचा भार कमी करतात, मग मुळाभोवतीचं अस्तर हाडापासून सोलून खालचं हाड डायमंड बरने, म्हणजे हिऱ्याचे कण लावलेल्या फिरत्या टोकाने, घासतात. गालाच्या सायनसमध्ये (हाडातल्या पोकळीत) पुढच्या भिंतीला मूळ असेल तर सरळ दुर्बीण पोचत नाही, 70 अंशांत वळून पाहणारी लागते. उरतं ते बहुधा अशाच कोपऱ्यात. अश्रूंची नळी जवळच असल्याने पुढे डोळा पाणावू शकतो. काढलेलं सगळं, गाठ कापून ओढून घेणाऱ्या यंत्राच्या जाळीत अडकलेलंसुद्धा, तपासणीला जातं.

नंतर साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. नाक धुवायला उकळून गार केलेलं एक पाइंट, म्हणजे 568 मिली पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ नि तेवढाच खायचा सोडा. आपली जलनेतीच ही, फक्त तोटीच्या भांड्याऐवजी दाबायची बाटली!

दुर्बिणीची तपासणी पुढे काही वर्षं चालते. कायमचं भारतात परतणार असाल तर बायोप्सीचा (तुकड्याच्या तपासणीचा) अहवाल, स्कॅनची सीडी आणि मूळ नेमकं कुठे होतं ते लिहिलेली शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्या.